आधी हक्क नोंदवा, मग चेक द्या : जनजातीय कार्यमंत्र्यांना खानापूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
जनजातीय कार्य मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली.

विषय : बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे वनहक्क दावे आणि भीमगड अभयारण्यातील गावांचे स्थलांतर

महोदय,

तळेवाडी हे नाव आपल्या कानावर आलं आहे का, मला माहीत नाही. खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या आत हे गाव आहे. 2025 साली राज्य सरकारने तिथल्या कुटुंबांना गाव सोडण्यासाठी प्रत्येकी 15 लाख रुपये देऊ केले आणि त्यातल्या 10 लाखांचे चेक वाटले. उरलेले 5 लाख गाव रिकामं केल्यावर. स्थलांतराचं काम वन खात्याचं, त्यात आमचा काय संबंध, असं आपले अधिकारी म्हणतील. संबंध असा की 2006 चा वनहक्क कायदा आपल्या मंत्रालयाच्या ताब्यात आहे आणि माणसाला रानातून उठवण्याआधी काय काय व्हायला हवं, याचा क्रम त्याच कायद्याने घालून दिला आहे.

मी या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात मास्तरकी केली. निवृत्त झाल्यावर वनहक्काचे अर्ज भरून देणं हाच उद्योग होऊन बसला. मी स्वतः आदिवासी नाही, तेव्हा कोणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही. अर्ज भरताना जे दिसतं तेवढं लिहितो. पत्र मराठीत आहे, कारण सरकारकडे गाऱ्हाणं मांडताना देशात किंवा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा वापरता येते, असं घटनेचं 350 वं कलम सांगतं. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे कलम पाढ्यासारखं पाठ असतं.

कायद्याचं चौथं कलम पाहा. हक्क तपासून मान्य करण्याची प्रक्रिया पुरी होईपर्यंत वनात राहणाऱ्या कोणालाही त्याच्या ताब्यातल्या जमिनीवरून हलवायचं नाही. अभयारण्यात वन्यजीवांसाठी अगदीच जागा मोकळी करायची वेळ आली, तरी आधी हक्क नोंदवायचे, मग माणूस आणि जनावर एकत्र राहू शकतात का हे पाहायचं, पोटापाण्याची शाश्वती देणारी पुनर्वसनाची योजना करायची, ग्रामसभेची लेखी संमती घ्यायची आणि नव्या जागेवर जमीन व सोयी तयार झाल्याशिवाय कोणाला हलवायचं नाही. भीमगड अभयारण्य जाहीर झालं डिसेंबर 2011 मध्ये, 190 चौरस किलोमीटरचं. वनहक्क कायदा त्याच्या आधीच लागू झाला होता. म्हणजे अभयारण्याची हद्द आखली जात असतानाच आतल्या गावांचे हक्क लिहून घ्यायला हवे होते. गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, कृष्णापूर, हेम्माडगा, आमगाव : या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा ठराव कधी केला, त्याचं पुढे काय झालं, हे आपल्या मंत्रालयाने राज्याकडून लेखी मागवावं. तळेवाडीच्या बाबतीतही तेच. चेकच्या बातम्या मी वाचल्या, हक्कांच्या नोंदीची बातमी मला त्यांत सापडली नाही.

जायला कोणी तयारच नाही, असं मी म्हणणार नाही. तरुणांना जायचं आहे. दहावीनंतर मुलगी शिकवायची तर बाहेर ठेवावी लागते, रात्री अस्वलाची भीती, गव्यांनी नाचणा तुडवलेला, मोबाइलला रेंज नाही. जो जाईल त्याला अडवणारा मी कोण? पण रस्ता, वीज, शाळा वर्षानुवर्षं द्यायची नाही आणि मग कंटाळलेल्या माणसाने सही केली की तिला स्वेच्छा म्हणायचं, हे मला पटत नाही. शिवाय हक्क नोंदवून गेलेला माणूस काय सोडतो आहे, त्याचा हिशेब कागदावर राहतो. हक्क न नोंदवता गेलेल्याचा राहत नाही. नागरहोळेच्या जंगलातून 1980 च्या दशकात उठवलेल्या जेनू कुरुबा आदिवासींपैकी पन्नासेक कुटुंबं 2025 च्या मे महिन्यात आपल्या जुन्या जागी परतून बसली. तो वाद राज्याच्या दुसऱ्या टोकाला चालू असताना इकडे चेक वाटणाऱ्यांना तो ऐकू आला नसेल, असं कसं मानायचं?

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. वनात राहणारा माणूस कोण, हे इथे रेषा ठरवते.

सिद्दींचं घ्या. आफ्रिकेतून शतकांपूर्वी आणली गेलेली ही माणसं पळून, सुटून सह्याद्रीच्या रानात स्थिरावली. हल्याळ, यल्लापूर आणि आमच्या खानापूरच्या दक्षिणेकडच्या रानात त्यांच्या वस्त्या आहेत. घरात ते मराठी-कोंकणीच्या वळणाची बोली बोलतात. इंग्रजांशी लढलेल्या संगोळी रायण्णाला नंदगडला 1831 च्या जानेवारीत फाशी दिली, त्याच्या साथीदारांत सिद्दी गजवीराचं नाव आमच्याकडे अजून घेतात. इतकी जुनी ओळख. 2003 मध्ये केंद्राने सिद्दींना अनुसूचित जमातीत घातलं, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतले सिद्दी यादीत यायला 2020 उजाडलं. मधल्या काळात हल्याळकडची बहीण आदिवासी आणि खानापुरात दिलेली तिची सख्खी बहीण आदिवासी नाही, असा कारभार चालला. एकीच्या मुलाला वसतिगृह, दुसरीच्या मुलाला नाही. वनहक्कातही तोच भेद. आदिवासीने 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. बाकीच्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास सिद्ध करायचा.

वनहक्काचे जे दावे त्या मधल्या काळात बिगर-आदिवासी म्हणून फेटाळले गेले, त्यांचं 2020 नंतर काय केलं? यादी बदलल्याबरोबर ते आपोआप पुन्हा उघडायला हवे होते. निरक्षर बाईने स्वतः कचेरीत जाऊन 'साहेब, मी आता आदिवासी झाले, माझा दावा परत बघा' असं म्हणावं, अशी अपेक्षा असेल तर ती आपण सोडून द्यावी. काम सरकारचं आहे.

गवळी धनगरांची गत त्याहून वाईट. कर्नाटकात ते अनुसूचित जमातीत नाहीत. मागणी जुनी आहे, निवेदनं होतात, शिष्टमंडळं जातात. म्हशींच्या मागे रानोरान फिरणारी ही माणसं. चार-आठ घरांचा वाडा, कुडाच्या भिंती, पलीकडे गोठा, तोही घरापेक्षा मोठा. चारा संपला, रोगराई आली किंवा फॉरेस्टवाल्यांनी उठवलं की वाडा पुढच्या टेकाडावर. अशा माणसाने पंचाहत्तर वर्षं एका जागी राहिल्याचा पुरावा कुठून आणायचा? खरं म्हणजे कायदा तो मागतही नाही. कायदा म्हणतो, तीन पिढ्या मुख्यतः वनात वास्तव्य आणि पोटासाठी वनावर अवलंबून. एकाच गट नंबरात असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय तिसऱ्या कलमात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या चराईचा, हंगामी वापराचा हक्क वेगळा दिला आहे. माझ्या हातून गेलेल्या अर्जांत चराईचा सामूहिक दावा मला क्वचित दिसला, कारण तसा दावा असतो हे वाड्यावर जाऊन कोणी सांगितलेलंच नाही. घराखालच्या दोन गुंठ्यांसाठी माणूस हेलपाटे घालतो आणि ज्या रानावर त्याच्या म्हशी जगतात ते मागायचं राहून जातं.

त्यात घाटाखाली उतरलं की गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत. इकडे कर्नाटकातल्या जोयड्याचा कुणबी अजून मागतोच आहे. देव एक, सोयरीक एक, शिमग्याचे खेळ एक. आम्ही सीमाभागातले लोक, 1956 पासून रेषेने काय होतं ते चांगलं ओळखून आहोत. पण आमच्या गावांचा दावा निदान सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून आहे. गवळ्याचा दावा कुठल्या न्यायालयात पडून आहे?

पंचाहत्तर वर्षं मागे गेलं की येतो 1930 चा डिसेंबर. त्या वेळी खानापूर मुंबई इलाख्यात. जुना कागद कोणाच्या पेटीत असलाच तर बहुधा मोडी लिपीत. नंतर राज्य बदललं, दफ्तराची भाषा बदलली, आणि आता दावे तपासणाऱ्या समितीतल्या कोणालाही तो कागद वाचता येत नाही. एका कचेरीत मी म्हाताऱ्या गवळ्याबरोबर गेलो होतो. त्याच्या आज्याच्या नावाची चराईची पावती होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घड्या पडून चार तुकडे झालेली. समोरच्या बाबूने ती उलटसुलट केली आणि म्हणाला, 'याचं कन्नड भाषांतर नोटरी करून आणा.' म्हाताऱ्याला नोटरी म्हणजे काय ते मी सांगितलं. ऐकून तो हसला. पावती परत पिशवीत गेली आणि आम्ही बस धरली.

वास्तविक नियम इतके आडमुठे नाहीत. वनहक्काच्या नियमांत गॅझेटियर पुरावा म्हणून धरलेलं आहे, आणि बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर इंग्रजांनी 1884 साली छापलं. जनगणना, सर्व्हे सेटलमेंटचे अहवाल, वन खात्याच्या जुन्या कार्य योजना हेही चालतं. हे सगळं सरकारच्याच कपाटात आहे. चराईचा दंड, गुरं कोंडवाड्यात घातल्याची नोंद, अतिक्रमणाचा गुन्हा : वन खात्याने शंभर वर्षं या लोकांना गुन्हेगार म्हणून जे जे लिहून ठेवलं, तो त्यांच्या वास्तव्याचा सगळ्यात पक्का पुरावा आहे. तो समितीपुढे आणण्याचं काम खात्याने करावं. त्याशिवाय गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी विहीर, दगडी जोतं, थडगं, देवराई, वंशावळ हेही नियमांत पुरावे आहेत. एखादाच ठरावीक कागद मागून अडवू नये, उपग्रहाचं चित्र पूरक धरावं, तेवढ्यावरून दावा नाकारू नये, हे 2012 च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं आहे. गवळीवाडा उपग्रहाला दिसतच नाही. झाडाखाली असतो.

जंगल खात्याचा राग करून मी हे लिहीत नाही. गार्ड लोकही आमच्यातलेच, रात्री-बेरात्री वणवा विझवायला गावकऱ्यांनाच हाक मारतात. कुमरीची, म्हणजे रान तोडून-जाळून करायची फिरती शेती इंग्रजांनी आवळली, 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी रान सरकारी झालं, स्वातंत्र्यानंतर तेच पुढे चाललं. 2006 च्या कायद्याच्या प्रास्ताविकात केंद्र सरकारनेच या सगळ्याला ऐतिहासिक अन्याय म्हटलं. एवढी कबुली देणारे कायदे आपल्या देशात फार नाहीत. पुढे 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा केंद्राने आपली बाजू नीट मांडली नाही अशी टीका देशभर झाली. पंधरा दिवसांत स्थगिती आली खरी, पण तेवढ्यात इकडे वाड्या-वाड्यांवर 'आता उठवणार' ही कुजबुज पोचली होती. स्थगितीची बातमी मात्र सगळीकडे गेली नाही. अजून काही जण मला विचारतात, मास्तर, त्या आदेशाचं काय झालं?

कर्नाटकात घटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं आदिवासी क्षेत्रच नाही, म्हणून अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू नाही. तेव्हा आमच्या भागात रानातल्या माणसाच्या हातात सरकारशी बरोबरीने बोलायला एकच जागा आहे, वनहक्क कायद्याची ग्रामसभा. ती कुठे भरते? अनेकदा पंचायतीच्या गावात, वाडीपासून कितीतरी लांब. वाडीतल्या बायका तिथे जात नाहीत, गणपूर्तीला मात्र त्यांची नावं लागतात. सभा प्रत्यक्ष वाडी-वस्तीच्या पातळीवर घ्या, असं आपल्याच मंत्रालयाने 2012 मध्ये राज्यांना कळवलं होतं. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, स्वतःचा बांबू स्वतः विकला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आमच्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होती. आणि फार लांब कशाला, याच राज्यात बिळिगिरी रंगन डोंगरावर सोलिगा आदिवासींना 2011 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक हक्क मिळाले. वाघाच्या रानात चालतं, तर भीमगडात का नाही?

रस्त्याबद्दल थोडक्यात. वनात रस्ता देता येत नाही, हे उत्तर ऐकून आमचे केस पांढरे झाले. कायद्याच्या तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, वीज, रस्ता अशा तेरा सोयींची यादीच आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं पडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस, बस्स. तरी पावसाळ्यात ओढे भरले की इथला आजारी माणूस बांबूला बांधलेल्या चादरीतून चार खांद्यांवर बाहेर येतो. याच तालुक्यात कणकुंबीजवळ कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायला कालवा खोदला गेला, बेळगाव-गोवा हमरस्ता रुंद करायला खानापूर-अनमोडच्या वाटेवर हजारो झाडं पडली. तेव्हा रान आडवं आलं नाही.

एक गोष्ट आमच्याच लोकांना ऐकवायची आहे, पत्र उघडं आहे म्हणून इथेच सांगतो. मराठीतून परिपत्रकं द्या म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि ती मागणी रास्तच आहे. पण सिद्दी आणि गवळी आपल्या मोर्चात चालतात, भगवा फेटाही बांधतात, ठरावात मात्र त्यांच्या वनहक्काची एक ओळ नसते. मराठी बोलणारा म्हणून मोजायचं असेल तर त्याचं रानही आपल्या मागणीत यायला हवं. वनहक्काची नोटीस त्याला कन्नडमध्ये येते, साठ दिवसांत अपील करायचं असतं, आणि तो ती घेऊन दुकानदाराकडे वाचायला जातो. दुकानदाराला सवड मिळेपर्यंत मुदत सरते. भाषेच्या लढ्यासाठी यापेक्षा नेमकी जागा कोणती?

आदिवासी गावांत सोयी पोचवायला आपल्या मंत्रालयाने 2024 मध्ये धरती आबा अभियान सुरू केलं. बिरसा मुंडांचं नाव दिलं, ते योग्यच. पण गावं निवडताना मुख्य कसोटी आदिवासी लोकसंख्येची. ज्या वाड्यावर एकही माणूस यादीत नाही, तो वाडा अभियानाला दिसणार नाही, मग तिथे रॉकेलचा दिवा असो की गळकं छप्पर.

तेव्हा मागणं एवढंच. वनहक्क कायद्याच्या बाराव्या कलमाने आपल्याला राज्य सरकारला निर्देश देता येतात. त्या अधिकारात कर्नाटकाला कळवावं की भीमगडातल्या प्रत्येक गावाचे आणि वाड्याचे वैयक्तिक, सामूहिक व चराईचे दावे निकाली निघेपर्यंत स्थलांतराचा पुढचा चेक निघणार नाही. जे तळेवाडीतून निघून गेले किंवा निघण्याच्या तयारीत आहेत, त्यांचे हक्कही मागाहून का होईना नोंदवावेत आणि नुकसानभरपाई त्यानुसार तपासावी. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींचे 2020 पूर्वी नाकारलेले दावे समित्यांनी स्वतःहून उघडावेत. वन खात्याने चराईच्या पावत्या, दंडाच्या नोंदी आणि जुन्या कार्य योजना ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. मोडी वाचणारा एक माणूस दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीला मानधनावर द्यावा. कोल्हापूर-बेळगावात असे जाणकार अजून आहेत, खर्च फार येणार नाही. नोटिसा कन्नडबरोबर मराठीतूनही निघाव्यात.

पाहणीला पथक पाठवणार असाल तर जुलैत पाठवा. जीप हेम्माडग्यापर्यंत येईल, पुढे चालावं लागेल. वाट दाखवायला मी येतो, आणि जळवांसाठी तंबाखूचं पाणी घेऊन येतो.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक

प्रत माहितीसाठी :
1. वनमंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळुरू
2. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हास्तरीय वनहक्क समिती, बेळगाव
3. सर्व ग्रामपंचायती, भीमगड परिसर (ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे, ही विनंती)